गाडीचे मौनव्रत

पूर्वीच्या दुचाक्या बोलक्या असत. चालू असताना बोलतच, पण चालू होत नसत तेव्हा जास्त बोलत. किक मारली की खोकायच्या, ठसकायच्या, एखादीच्या मागून फाटकन बार निघायचा आणि कोपऱ्यावरचे कुत्रे उठून दुसऱ्या गल्लीत बिऱ्हाड करायचे. त्या खोकण्या-ठसकण्यावरून माणसाला एवढे तरी कळे, की प्लग ओला झाला आहे, की कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, की रात्री बंद केलेला पेट्रोलचा कॉक तसाच राहिला आहे. आमच्या वडिलांचा आणि त्यांच्या स्कूटरचा रोज सकाळी जो संवाद होई, त्यातले वडिलांच्या वाट्याचे काही शब्द आम्हां मुलांच्या कानी पडू नयेत म्हणून आई रेडिओ मोठा करीत असे. मग स्कूटर तिरकी केली जाई, तिच्या पोटात पेट्रोल डुचमळे, आणि अकराव्या किकला ती चालू होई. वडील विजयी मुद्रेने कचेरीत जात. उशिरा जात, पण विजयी मुद्रेने जात.

त्या गाड्यांत पेट्रोल आपल्या पायांनी इंजिनापर्यंत येत असे. टाकी वर, कार्बोरेटर खाली. पाणी उताराने वाहते हे ज्याला समजले त्याला अर्धी मोटारसायकल समजली. उरलेली अर्धी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला समजलेली असे. पुढे १ एप्रिल २०२० ला आपल्याकडे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, ज्यांना बीएस-सहा म्हणतात, आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर बहुतेक हद्दपार होऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्या दिवशी सारा देश लॉकडाउनमुळे घरात कोंडलेला असल्याने ही क्रांती कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा गाड्या गप्प झाल्या होत्या.

आता पेट्रोल उताराने येत नाही. टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये गळ्यापर्यंत बुडालेला एक विजेचा पंप असतो. तो पेट्रोलला सुमारे ३ बार दाबाने पुढे ढकलतो. म्हणजे मोटारीच्या टायरात असते त्याहून जास्त दाब. पुढे इंजेक्टर त्या पेट्रोलचा फवारा मारतो, आणि तो किती वेळ मारायचा हे सीटखाली किंवा आसपास दडलेला एक काँप्युटर ठरवतो. तुम्ही किल्ली फिरवलीत की हा पंप दोन-तीन सेकंद ‘झूंऽऽ’ असा बारीक आवाज करतो, नळीत दाब भरतो आणि थांबतो. नव्या गाडीचे सकाळचे बोलणे एवढेच. ते ऐकू आले तर नमस्कार झाला असे समजावे. ऐकू आले नाही तर मात्र स्टार्टर कितीही ‘चुईंचुईं’ करो, गाडी चालू व्हायची नाही.

माझी मोटारसायकल या नव्या पिढीतली. नाव सांगत नाही. तिचा दोष नव्हता, हे पुढे येईलच. गेल्या पावसाळ्यात, एका महिन्याच्या १ तारखेला, सकाळी साडेआठ वाजता, तिने मौन धरले.

१ तारखेचे महत्त्व बँकेत काम करणाऱ्याला सांगायला नको. मी राहतो सांगलीत आणि आमची शाखा तासगावच्या बाजूला, वीसेक किलोमीटरवर. त्या दिवशी शाखेच्या पायरीवर पेन्शनर मंडळी आमच्या शिपायाच्याही आधी येऊन बसतात. शिवाय शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी माझ्याकडे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. (आमच्या घरच्या कपाटाला एकच किल्ली आहे, आणि ती माझ्याकडे नसते.) तेव्हा माझ्या खिशातल्या त्या पितळी तुकड्यावर त्या सकाळी साठ-सत्तर म्हाताऱ्यांचा महिना अवलंबून होता, आणि मी सांगलीत एका मुक्या गाडीवर बसून बटण दाबत होतो.

आमच्या कॉलनीत कोणाचे लग्न जमत नसेल तर लोक फारसे लक्ष घालत नाहीत, पण गाडी चालू होत नसेल तर सारी कॉलनी लोटते. सर्वांत आधी आले शेजारचे निवृत्त हेडमास्तर.

“चोक ओढा,” ते म्हणाले.

“सर, हिला चोक नाही.”

“मग किक मारा.”

“किकही नाही.”

सर क्षणभर गाडीभोवती फिरले. “मग घेतलीत काय?” त्यांनी विचारले.

वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी राहतो. तो गॅलरीतून वाकून “अंकल, बॅटरी!” असे म्हणाला आणि पुन्हा आत गेला. चार वर्षांच्या फीचे चीज झाले. पण बॅटरी ठणठणीत होती. दिवा झगझगीत लागत होता, हॉर्न तर असा वाजला की तळमजल्यावरच्या पाळण्यातले मूल उठले आणि मदतीला आलेल्यांत एक आवाज वाढला. हँडलवरचा लाल किल स्विचही कोणी तरी दोनदा खालीवर करून पाहिला. तो बंद असता तर बहुतेक गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही, आणि आमचा तर उत्साहाने फिरत होता.

शेवटी समोरचे विमा एजंट म्हणाले, “ढकलूया. दुसरा गिअर टाका आणि क्लच सोडा. माझी कायम अशीच चालू होते.” माणूस दहा वर्षे विमा विकतो आहे; त्याच्या शब्दाला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. आम्ही ढकलली. वास्तविक ढकलण्याने इंजिन फिरते, पेट्रोल येत नाही. पंप बंद असताना गाडी मिरजेपर्यंत ढकलली असती तरी मिरज आली असती, पेट्रोल आले नसते. ढकलण्याचा एक फायदा मात्र झाला. कॉलनीच्या तोंडाशी मामांचे गॅरेज आहे, तिथपर्यंत गाडी पोचली. ती तिथे टाकून मी वडाप पकडले, दाराशी लोंबकळत तासगावच्या रस्त्याला लागलो आणि दहाला पाच कमी असताना किल्ली शाखेत पोचवली. पायरीवरच्या म्हाताऱ्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, तशा नजरेने माझ्याकडे पुन्हा कोणी पाहील असे वाटत नाही. निदान घरी तरी.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत एका सर्व्हिस सेंटरला फोन केला. गाडी न पाहताच त्यांनी निदान केले. “सर, पंप असेंब्ली चेंज करावी लागेल. आठ हजारांच्या आसपास. पुढच्या आठवड्यात स्लॉट आहे.” मी कारकून माणूस. आठ हजार हा आकडा ऐकल्याबरोबर माझा घास डब्यातच राहिला. आमच्याकडे दिवसअखेर कॅशमध्ये फरक आला, तर ‘सगळी कॅश बदला’ असे कोणी म्हणत नाही. फरक शोधतात. तो ९ ने भागला जात असेल तर कुठे तरी आकडे उलटे पडले आहेत असा संशय घेतात, ५४ चे ४५ झाले असतील. निम्मा केल्यावर ओळखीची रक्कम निघाली तर जमेची नोंद नावे पडली असेल. फरकालाही स्वतःचा एक चेहरा असतो. तो न बघता आठ हजार भरणे हे माझ्या बी. कॉम.च्या डिग्रीला शोभणारे नव्हते.

संध्याकाळी मामांकडे गेलो. मामा म्हणजे साऱ्या कॉलनीचे मामा. वय साठीच्या पुढे, गॅरेज चाळीस वर्षांचे. पत्र्याची शेड, एक बाक, जुन्या टायरांचा ढीग आणि एक पोऱ्या, ज्याच्या दोन्ही कानांत गाणी ऐकायची ती पांढरी बोंडे कायम बसवलेली. मामांची ख्याती अशी, की रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीकडे मान वर न करता ते सांगत, “पिस्टन बडवतंय. महिनाभर जाईल.” आणि महिन्याभराने ती गाडी टेम्पोत बसून मामांकडे येई.

“साहेब, किल्ली फिरवा,” मामा म्हणाले. त्यांनी तळहात टाकीवर सपाट ठेवला होता, ताप बघावा तसा.

मी फिरवली.

“वाजलं का ओ?”

“काय?”

“पंप. बारीक झूं करतोय बघा.”

“नाही वाजला.”

“परत फिरवा.” त्यांनी या वेळी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक टाकीला टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडावर धरली. “आता?”

“आताही नाही.”

“नक्की? नीट ऐका. अंदाजानं सांगू नका.”

मला वाटले, मामा माझी परीक्षा घेताहेत. चाळीस वर्षे इंजिने ऐकलेला माणूस बँकेच्या कारकुनाला ‘वाजलं का’ म्हणून कशाला विचारील? मी चौथ्यांदा ‘नाही’ म्हटले तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिले, पोऱ्याच्या कानांतली बोंडे जागेवर असल्याची खात्री केली आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, मला ते ऐकूच येत न्हाई.”

कान मिरजेला दाखवून झाले होते. (सांगलीचा माणूस कोणताही अवयव मिरजेलाच दाखवतो.) डॉक्टरांनी सांगितले, की जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेले. आयुष्यभर गोंगाटात काम केलेल्यांचे असेच होते. आधी बारीक आवाज जातात. बोलणे ऐकू येते, पिस्टन ऐकू येतो, ट्रक येतो. रातकिडे येत नाहीत, नातीचे पैंजण येत नाहीत आणि पंप येत नाही. गंमत अशी, की जुन्या गाड्या होत्या तोवर हे कोणाला कळलेच नसते, मामांनाही नाही. त्या गाड्यांचे सगळे आजार जाड आवाजाचे होते. आता आलेली गाडी बोलते दोन सेकंद, आणि तेही नेमके त्यांच्या कानातून गेलेल्या सुरात.

“पोराला विचारा की,” मी म्हणालो.

“त्याचे कान चांगले हायत. पण मोकळे कधी असतात?”

“मग गिऱ्हाईक?”

“गिऱ्हाईक कायम ‘वाजलं’च म्हणतंय. खर्च वाचंल असं वाटतं त्याला.” मामा गंभीर होते. “आणि एकदा का बाहेर कळलं, मामाला ऐकू येत न्हाई, की मग कोण गाडी लावतंय इथं?”

खातेदाराची माहिती बाहेर फोडायची नाही, हे माझ्या रक्तात आहे. हे सारे मी त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. अट एवढीच होती की कॉलनीचे नाव घालायचे नाही. त्या संध्याकाळी मात्र मी बाकावरून उठलो, बाह्या सरसावल्या आणि मामांचा कान झालो.

मामांचा एक नियम आहे. गाडी चालू होत नसली की विजेच्या बाजूने निघायचे आणि पेट्रोलच्या बाजूला शेवटी पोचायचे. आधीच टाकी उघडून बसायचे नाही. प्रथम फ्यूज. हल्लीचे फ्यूज चपटे आणि रंगीत असतात. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. आमच्याकडे जमेची आणि नावेची स्लिप वेगळ्या रंगाची असे, त्यातलाच प्रकार. पंपाचा फ्यूज उजेडाकडे धरून पाहिला, आतली तार सलग होती. मग रिले. माझ्या गाडीत एकसारखे दोन रिले शेजारी शेजारी बसवलेले आहेत, म्हणून मामांनी त्यांची अदलाबदल केली. चांगला ठाऊक असलेला माणूस संशयाच्या खुर्चीवर बसवून बघायचा. मी किल्ली फिरवली. रिले ‘टिक्’ झाला. तो मामांनी चिमटीत धरला असल्याने त्यांना बोटांनी कळला; मला कानांनी. पंप गप्पच.

मग टाकीखालचा पंपाचा सॉकेट सोडवून त्याच्या दोन टोकांना टेस्ट लॅम्प लावला. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, एक बल्ब, दोन वायरी, दोन चिमटे. सबंध गॅरेजमध्ये त्याच्याइतके खरे बोलणारे कोणी नव्हते. किल्ली फिरवली की बल्ब लागला, तीन सेकंद राहिला, विझला. पुन्हा फिरवली, पुन्हा तसेच. म्हणजे फ्यूज, रिले, वायरी, काँप्युटर, सगळे आपापले काम चोख करीत होते. रक्कम खात्यापर्यंत येत होती. खातेच निष्क्रिय झाले होते.

“आता शेवटचं,” म्हणून मामांनी सॉकेट परत जोडला आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने टाकीच्या बुडाशी, पंपाच्या अंगाला, दोन हलके ठोके दिले. “फिरवा.”

“झ्...” आणि बंद.

“वाजलं!” मी ओरडलो. “मामा, वाजलं! अर्धा सेकंद!”

आमच्या चिरंजीवांच्या दहावीच्या निकालालाही मी इतक्या जोरात ओरडलो नव्हतो. पोऱ्याने एका कानातले बोंड काढून माझ्याकडे पाहिले. मामा मात्र शांत होते. “म्हणजे मेला न्हाई. अडकलाय,” ते म्हणाले आणि त्यांनी बॅटरीची वायर सोडवून टाकी खाली घेतली. याच वेळी विमा एजंट ‘काय झालं, ढकलून’ असे विचारीत तोंडात सिगारेट घेऊन आत शिरले. मामांनी त्यांना ज्या शब्दांत बाहेर काढले, त्या वेळी रेडिओ मोठा करायला आमची आई हवी होती.

टाकीतले पेट्रोल मामांनी काढून घेतले आणि तळाचे शेवटचे थोडे काचेच्या बाटलीत धरले. बाटली पाच मिनिटे ठेवली तर तिचे दोन मजले झाले. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली गढूळ पाण्याचा थर. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २०२५ मध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आले. हे इथेनॉल थोडे पाणी पोटात घेते, पण पाणी फार झाले की त्याच्याच गळ्यात गळा घालून तळाशी जाऊन बसते. आणि पंपाची जाळी नेमकी तळाशी असते. ती बाहेर काढली तेव्हा चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झाली होती. गंज पंपाच्या आत गेला होता आणि मोटर धरून बसली होती.

पण टाकीत पाणी आले कुठून? झाकण घट्ट होते, पंपावर रांगेत माझ्या मागेपुढे भरलेल्या गाड्या मजेत फिरत होत्या. मामांनी तांब्यात पाणी घेतले आणि टाकीच्या झाकणाभोवती जी खोलगट जागा असते तिच्यात ओतले. ते तसेच उभे राहिले. “जायला पायजे होतं,” मामा म्हणाले. त्या खोलगट जागेत एक बारीक भोक असते; पावसाचे पाणी तिथून एका नळीवाटे गाडीखाली गळून जाते. ती नळी त्यांनी उपसून काढली आणि बाकावर आपटली. आतून मातीची एक सुबक गोळी पडली. फोडली तर आत चार-पाच निपचित कोळी आणि एक पांढरी अळी.

कुंभारीण माशी! आमच्या शाखेच्या पार्किंगला छप्पर नाही, बाजूला चिखल भरपूर, आणि त्या बाईने माझ्या गाडीच्या नळीत घर बांधले होते. ना प्लॅन पास करून घेतला, ना होम लोन काढले; उलट मुलांसाठी महिनाभराचा शिधाही भरून ठेवला. मी वीस वर्षे लोकांची गृहकर्जाची प्रकरणे पाहतो आहे, इतके वेळेत पुरे झालेले बांधकाम मी पाहिले नव्हते. पाण्याची वाट बुजली, पाऊस झाकणापाशी साचला आणि रबराच्या कडेने थेंब थेंब आत झिरपला. सर्व्हिस सेंटरने आठ हजारांची असेंब्ली घातली असती, तर पुढच्या पावसात माझ्याकडे आणखी एक आठ हजारांची असेंब्ली झाली असती.

मामांनी पंपाला बॅटरीच्या वायरी क्षणभर उलट्या लावल्या. अडकलेली मोटर उलटी हिसकली की कधी कधी सुटते. सुटली. आम्ही दोघे एकमेकांकडे बघून हसलो. मी ऐकून आणि ते तिची थरथर बोटांनी चाचपून. “पण ह्याच्यावर तासगाव करू नका,” ते म्हणाले. असेंब्ली जुनीच ठेवून नुसती मोटर, जाळी आणि रबराची रिंग नवी आणली. टाकी धुऊन दोन दिवस उन्हात वाळवली, म्हणजे त्या दिवसांत सांगलीला जेवढे ऊन पडत होते तेवढ्यात. मजुरीसकट एकवीसशे रुपये झाले. जाताना एक सूचनाही मिळाली, की टाकीत दोन-तीन लिटर कायम ठेवायचे. पंपाला थंड ठेवायला पेट्रोलच असते, ते खाली गेले की तो तापतो. ही सूचना त्यांनी विमा एजंटांना ऐकू जाईल अशा बेताने दिली.

हेडमास्तरांनी सारी हकिकत ऐकून घेतली. “म्हणजे चोक असता तर हे झालं नसतं,” ते म्हणाले.

मामांनी पुढे एक व्यवस्था लावली आहे. इंजेक्शनची गाडी आली आणि मामला नाजूक वाटला की ते मला फोन करतात. गिऱ्हाइकावर विश्वास नाही, पोऱ्याचे कान भाड्याने गेलेले. बँकेच्या माणसाला मात्र दुसऱ्याच्या पंपाबद्दल खोटे बोलण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाला ते सांगतात, “थांबा, बँकेत विचारतो,” आणि गिऱ्हाईक घाबरून गप्प उभे राहते. मग फोन टाकीला टेकवला जातो.

बहुधा हा फोन साडेअकराला, रांग दारापर्यंत गेलेली असताना येतो. मी शेजारचे नोटा मोजायचे यंत्र थांबवतो, दुसऱ्या कानात बोट घालतो आणि डोळे मिटतो. काउंटरपलीकडचे पेन्शनर आजोबा पासबुक छातीशी धरून वाट पाहतात.

“वाजलं का ओ साहेब?”

“वाजलं,” मी म्हणतो. “पण दमून वाजतंय. जाळी बघा.”

“अजून वाजायचंय की,” आजोबा यंत्राकडे बोट करून म्हणतात. “निम्म्याच नोटा झाल्यात.”